ज्यांची नोंद झालीच नाही

शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या वर्षी झाला, हा महाराष्ट्रात अनेक दशके वादाचा विषय होता. बखरींच्या आधारे १६२७ हे साल रूढ झाले होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली. परमानंदाचे 'शिवभारत' आणि राजस्थानात सापडलेली एक जन्मकुंडली यांनी तिला बळ दिले. ज्या पुराव्याने हा वाद फिरला, तो भोसल्यांच्या दप्तरातून आलेला नव्हता. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी राहिलेले ते टिपण होते.

छत्रपतींची ही गत, तर त्याच काळातल्या एखाद्या रयतेच्या मुलाची जन्मनोंद कुठून मिळणार? ती मिळत नाही, कारण ती झालेलीच नसते. जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ चा आहे. त्याआधीचा १८८६ चा कायदा ऐच्छिक नोंदीपुरता होता. इंग्रजी अमलातल्या गावांत कोतवाल बुक असे, आज तहसील कार्यालयात त्याला गाव नमुना १४ म्हणतात. त्यातही बापाचे नाव आणि जात लिहिलेली, पण बाळाच्या नावाऐवजी नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी', अशा नोंदी पुष्कळ आहेत. शाळेच्या दाखल्यावर भरवसा ठेवावा, तर एका पिढीच्या असंख्य लोकांचा जन्म १ जूनचा. शाळा जूनमध्ये सुरू होत, प्रवेशाला वय भरावे लागे, म्हणून गुरुजींनी ती तारीख घातली.

तेव्हा पूर्वजांचा माग काढणाऱ्याने 'तो कधी जन्मला' हा प्रश्न बाजूला ठेवून 'त्याची दखल घेण्याची गरज कुणाला पडली' असे विचारावे. ती गरज सरकारला सारा वसूल करताना पडली, सावकाराला कर्ज देताना पडली, वतनाच्या भांडणात महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करताना पडली. पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत ते या व्यवहारांचे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेकरू आपले गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहून ठेवतो, कारण पुढच्या पिढीतला यजमान त्याच घरी यावा. कोल्हापूर-सांगली आणि सीमाभागात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतो, नव्याने जन्मलेल्यांची नावे चढवतो आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या गावी जातो. त्याच्या पोथीत घराण्याचे मूळ गावही असते.

मूळ गाव हाताला लागले की अर्धे काम होते. आडनाव मात्र दगा देते. महात्मा फुल्यांचे घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे. तिथे ते गोऱ्हे होते. कटगुणहून खानवडी आणि तिथून पुणे असा प्रवास झाला, फुलांच्या व्यवसायावरून 'फुले' हे नाव लागले. 'फुले' या नावावरून मागे जाणारा पुण्यातच थांबला असता. सारस्वत कुटुंबांना मंगेशी किंवा शांतादुर्गा गोव्याकडे वाट दाखवते, तशी अनेक घरांत कुलदैवताची जत्रा हीच स्थलांतराची सर्वांत जुनी खूण उरलेली असते.

सर्वांत तपशीलवार नोंदी काही वेळा परक्या भूमीवर मिळतात. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख माणसे करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून मॉरिशसला गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या दप्तरात मजुराचा क्रमांक, बापाचे नाव, वय, गाव, जिल्हा, जहाज असे तपशील सापडतात. कारकुनाने नावांचे उच्चार मोडून टाकले आहेत हे खरे. पण तिथे बाईलाही स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचे नाव आहे. गावाकडच्या वंशावळीत तीच बाई बहुधा कुठेच दिसली नसती. नामावळ्या, वतनाचे कागद आणि खासरा पत्रके मुख्यतः पुरुषांच्या नावांनी भरलेली आहेत, आणि मातृकुळाचा शोध दोन पिढ्यांतच अडतो तो यामुळे.

हा सगळा विषय हौसेपुरता असता तर एवढ्यावर थांबता आले असते. महाराष्ट्रात तो हक्काचा झाला आहे. अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली मोडी आणि उर्दू दप्तरे उघडली. निजामकाळातली जुनी गॅझेटियर चर्चेत आली. मात्र गॅझेटियरमधल्या आकड्यांत एकाही माणसाचे नाव नसते. तालुक्यात कुणबी किती होते ते त्यावरून कळते, अमक्याचा पणजा त्यांत होता की नाही ते कळत नाही. शिवाय जातीचा रकाना लिहिणाऱ्याच्या समजुतीने भरला जाई. कुणी धंदा लिहिला, कुणी घराण्याचा मान.

तरी जमीन कसणाऱ्याचा काही कागद असतो. पालावर राहणाऱ्याचा कुठला? १८७१ पासून गुन्हेगार जमातींचे कायदे आले, ते पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांची हजेरी घेतली जाई. आजोबांचे नाव शोधणाऱ्या नातवाला ते कदाचित फक्त या पोलिसी दप्तरात भेटेल. १९५२ मध्ये हे लोक विमुक्त झाले. जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. नऊच वर्षे! कुंपणातून सुटून उघड्यावर आलेल्या, गाव नसलेल्या, शाळा न पाहिलेल्या माणसाने एवढ्या अवधीत कोणता कागद तयार करून ठेवायला हवा होता?

राज्याच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ नुसार पुराव्याचा भार अर्जदारावर आहे. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या, तेव्हा कठोर तपासणी लागणारच. ती सैल करा असे कुणी म्हणू नये. पण राज्याने ज्यांची नोंद कधी ठेवलीच नाही, त्यांच्याकडे कागद नसणे हे खोटेपणाचे लक्षण ठरू शकत नाही. दक्षता पथकाने गृहचौकशीत देवदेवता, लग्नविधी, नातेसंबंध, बोली यांची विचारपूस करण्याची पद्धत आहेच. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमातीच्या दाव्यांबाबत सांगितले की अशी चाचणी एकटीच निर्णायक मानू नये. मग ती कागदाच्या जोडीने आणि नीट व्हायला हवी. जाणकार माणसांनी, पालावर जाऊन, जातपंचायतीतल्या म्हाताऱ्यांना आणि विशेषतः म्हाताऱ्या बायांना विचारून. कुठल्या जत्रेत कुणाची सोयरीक जुळली, कुणाची मुलगी कुठे दिली, हे बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असते.