जोखीम कुणाच्या नावावर?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची चौकशी करणाऱ्या समितीला महाराष्ट्रात आजही सर्रास 'विशाखा समिती' म्हणतात. कार्यालयाच्या भिंतीवर, जिन्याजवळ, तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर लावलेले असतात. या नावाभोवती एक गोष्ट तयार झाली आहे आणि ती भाषणांत, पुरवण्यांत, अगदी प्रशिक्षणवर्गांतही ऐकू येते: विशाखा नावाची एक स्त्री होती, नोकरीच्या ठिकाणी तिचा छळ झाला, ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. यातलं एकही विधान खरं नाही. विशाखा ही जयपूरची स्त्रियांसाठी काम करणारी संस्था. तिने इतर संस्थांच्या बरोबरीने 1992 साली याचिका दाखल केली. ज्या स्त्रीवरच्या अत्याचारामुळे ही याचिका झाली तिचं नाव भंवरीदेवी, आणि तिला स्वतःच्या खटल्यात न्याय मिळाला नाही. ही समजूत निरुपद्रवी आहे असं मला वाटत नाही. चळवळ कुठून सुरू झाली याची चुकीची गोष्ट सांगितली की ती कशासाठी सुरू झाली हेही हळूहळू चुकीचंच सांगितलं जातं.

मूळ घटना अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. भंवरीदेवी जयपूरपासून तास-दीड तासाच्या अंतरावरच्या भटेरी गावची, कुंभार समाजातली. राजस्थान सरकारने 1984 मध्ये सुरू केलेल्या महिला विकास कार्यक्रमात ती 'साथिन' होती. म्हणजे महिन्याकाठी तुटपुंजं मानधन घेऊन गावात सरकारचं म्हणणं पोचवणारी कार्यकर्ती. 1992 मध्ये अक्षय्यतृतीयेच्या आधी राज्य सरकारने बालविवाहाविरुद्ध मोहीम काढली. गावातल्या एका गुर्जर कुटुंबातलं वर्षाच्याही आतल्या मुलीचं लग्न थांबवण्याचा भंवरीने प्रयत्न केला. पोलीस येऊन गेले, लग्न तरीही झालं, आणि राग निघाला तो भंवरीवर. तिच्या कुटुंबावर बहिष्कार पडला, त्यांची मडकी कुणी घेईना, त्यांना कुणी दूध देईना. 22 सप्टेंबर 1992 ला शेतात नवऱ्याला मारहाण करून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. वैद्यकीय तपासणीला दोन दिवसांहून अधिक वेळ लावला गेला. डिसेंबर 1993 मध्ये आरोपींचा जामीन नाकारताना राजस्थान उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. एम. तिबरेवाल यांनी हा अत्याचार बालविवाह रोखण्याच्या प्रयत्नाचा सूड म्हणून झाल्याची खात्री नोंदवली होती. तरीही नोव्हेंबर 1995 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. वरच्या जातीची, वयस्क, नात्यातली माणसं मिळून असं करतील हे त्या न्यायालयाला पटण्याजोगं वाटलं नाही. अपील उच्च न्यायालयात गेलं. 2007 पर्यंत त्यावर एकच सुनावणी झाली होती, आणि तोवर आरोपींपैकी दोघे मरण पावले होते.

याउलट याचिकेचा निकाल 13 ऑगस्ट 1997 ला लागला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने कामाच्या ठिकाणच्या छळाला समतेच्या, व्यवसायस्वातंत्र्याच्या आणि जगण्याच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवलं. संसदेने कायदा केलेला नव्हता, म्हणून भारताने 1993 मध्ये मान्य केलेल्या स्त्रियांविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. ती तत्त्वं सोळा वर्षं कायद्याच्या जागी उभी राहिली. हा निकाल धाडसी होता आणि त्याचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या निकालपत्रात भंवरीचं नाव नाही. राजस्थानातल्या एका खेड्यातल्या समाजकार्यकर्तीवर झालेला अत्याचार, एवढाच तिचा उल्लेख. त्या घटनेचा स्वतंत्र फौजदारी खटला चालू असल्याने तिचा अधिक विचार करण्याची गरज नाही असं म्हणून न्यायालय पुढच्या प्रश्नाकडे वळतं. न्यायालयीन शिस्तीच्या दृष्टीने ते योग्यच होतं. मात्र कायद्याची वाट आणि भंवरीची वाट नेमकी या ठिकाणी वेगळी झाली.

या विषयावर विचार करताना मला एक भेद सतत उपयोगी पडतो: छळाकडे 'घटना' म्हणून पाहणं आणि 'कामाची अट' म्हणून पाहणं. घटनेला एक गुन्हेगार असतो, एक बळी असतो, एक तारीख असते. गुन्हेगाराला शिक्षा झाली की घटना संपते. कामाची अट तशी संपत नाही. ती माणूस बदलला तरी खुर्चीला चिकटून राहते, आणि नोकरी सोडणं किंवा सोसणं एवढेच दोन पर्याय स्त्रीपुढे ठेवते. या चळवळीचा उगम कुठे, यावरचे बहुतेक वाद हा भेद न केल्याने होतात. कुणी 2017 च्या ऑक्टोबरमध्ये हॉलिवूडच्या अभिनेत्रींनी केलेल्या उघड आरोपांपासून सुरुवात धरतात. कुणी तराना बर्क यांनी 2006 मध्ये 'मी टू' हे शब्द वापरायला सुरुवात केली तिथे जातात, आणि कृष्णवर्णीय मुलींसाठी सुरू झालेल्या कामाचं श्रेय पडद्यावरच्या चेहऱ्यांना गेलं ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण छळ ही कामाची अट आहे हे ज्या ठिकाणी संघटितपणे मांडलं गेलं ते अमेरिकेतलं इथाका हे विद्यापीठाचं गाव. कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या कार्मिता वुड या स्त्रीने वरिष्ठाच्या अंगचटीला कंटाळून नोकरी सोडली. तिने बेकारभत्ता मागितला तेव्हा तो नाकारला गेला, कारण नोकरी सोडण्याचं कारण 'वैयक्तिक' होतं. तिथेच शिकवणाऱ्या लिन फार्ली आणि तिच्या सहकाऱ्यांनी या एका शब्दाविरुद्ध 1975 च्या मे महिन्यात स्त्रियांची जाहीर सभा भरवली. नंतरच्या वर्षांत अमेरिकी न्यायालयांत हा प्रश्न नेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी अनेक कृष्णवर्णीय होत्या. बँकेत काम करणाऱ्या मिशेल विन्सन यांच्या खटल्यात 1986 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने छळ हा भेदभाव असल्याचं मान्य केलं. या सगळ्यांची मागणी एकच होती: हे आमचं खासगी दुखणं नाही, तुम्ही दिलेल्या कामाचा हा भाग आहे, तेव्हा जबाबदारी तुमची.

इथे थोडं बाजूला जाऊन मथुरा प्रकरणाकडे पाहायला हवं, कारण आपल्याकडे या विचाराची पूर्वतयारी तिथे झाली असं मला वाटतं. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या अल्पवयीन मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राने मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्रिया रस्त्यावर आल्या. आजच्या भारतीय स्त्री चळवळीतल्या कितीतरी गटांचा जन्म या आंदोलनातला. 1983 मध्ये कायदा बदलला. त्या बदलातला जो भाग सहसा कोठडीतल्या बलात्कारापुरता वाचला जातो तो मला फार दूरवर पोचणारा वाटतो. पोलीस ठाणं, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी पदामुळे ज्याच्या ताब्यात स्त्री आहे, त्याने केलेला संभोग हा वेगळा गुन्हा ठरला, आणि कोठडीतल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं ठरलं. म्हणजे पद हेच बळ असू शकतं आणि ओरखडा न उमटवताही ते बळ वापरता येतं, हे भारतीय कायद्याने प्रथम तिथे ओळखलं. 'वरिष्ठाला नाही म्हणायला काय हरकत होती?' या प्रश्नाचं उत्तर त्या तरतुदीत होतं. ते कार्यालयांपर्यंत पोचायला आणखी चौदा वर्षं लागली.

आता भंवरीला या चळवळीच्या उगमाशी ठेवण्यावर जो आक्षेप घेतला जातो त्याकडे येऊ. कायद्याची जाण असलेली माणसं तो घेतात आणि त्यात द्वेष नसतो. ते म्हणतात: भंवरीचे आरोपी तिचे वरिष्ठ नव्हते, सहकारी नव्हते. घटना कार्यालयात घडली नाही, ती स्वतःच्या शेतात काम करत होती. हा जातीच्या वर्चस्वातून झालेला बलात्कार होता. त्याला कामाच्या ठिकाणचा छळ म्हणणं ही संस्थांची चतुराई असेल, पण त्या धाग्याने दोन निराळ्या गोष्टी बांधल्या गेल्या. हा आक्षेप घेणाऱ्याला माझं पहिलं उत्तर असं की त्याने कामाची जागा भिंतींवरून ठरवली. साथिनीला कार्यालय नव्हतंच. गाव हेच तिचं कामाचं ठिकाण, आणि ज्यांच्या घरातलं लग्न थांबवायचं ते गावकरी तिच्या कामातले रोजचे लोक. तिने लग्न थांबवायला जावं असं तिच्या मनात एके सकाळी आलेलं नाही. सरकारने मोहीम आखली, तिला पाठवलं. ती घरी बसली असती तर तिच्यावर हा प्रसंग आला नसता. जातीने त्या हिंसेला निर्भयपणा दिला हे शंभर टक्के खरं, पण हिंसेचं निमित्त काम होतं. जात आणि काम यांतलं एकच कारण निवडा असा आग्रह धरणाराच चुकतो, कारण खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या स्त्रीने वरच्यांच्या घरात जाऊन 'हे बेकायदा आहे' असं म्हणावं, हेच तिला नेमून दिलेलं काम होतं.

आणखी एक पुरावा माझ्या बाजूने आहे. 1997 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्रयस्थ, म्हणजे बाहेरच्या माणसाकडून छळ झाला तर मालकाने त्या स्त्रीला मदत करण्यासाठी आवश्यक ती सर्व पावलं उचलावीत, अशी स्पष्ट सूचना होती. 2013 च्या कायद्यातही एकोणिसावं कलम तेच सांगतं: कामाच्या संदर्भात भेटणाऱ्या लोकांपासूनही सुरक्षितता देणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि आरोपी कर्मचारी नसला तरी स्त्रीची इच्छा असेल तर मालकाने फौजदारी कारवाईसाठी पुढे यावं. याच कायद्याने कर्मचारी कोण, याची व्याख्याही ऐसपैस केली आहे. रोजंदारीवरची, कंत्राटावरची, अगदी बिनपगारी स्वयंसेविकासुद्धा तीत बसते. या तरतुदी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भटेरी असली पाहिजे असं मी मानतो. तेव्हा भंवरीची घटना या कायद्याच्या बाहेरची आहे हे कागदावर तरी टिकत नाही.

पण युक्तिवाद इथवर आणल्यावर आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं वेगळ्या रीतीने खरं ठरतं, आणि ते टाळता येत नाही. कायद्याचं यंत्र म्हणून प्रत्यक्षात आपल्याकडे काय आहे? समिती. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, बाकीच्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. समिती चौकशी करते, लेखी माफी, बढती रोखणं, पगारातून भरपाई, बडतर्फी अशा शिफारशी करते. ही सगळी हत्यारं नोकरीत असलेल्या पुरुषावर चालतात. गावच्या जमीनदारावर, मुकादमावर, यजमानावर ती चालत नाहीत. समित्यांची स्थितीही बरी नाही: गोवा विद्यापीठाशी संबंधित एका प्रकरणात मे 2023 मध्ये निकाल देताना, तीसपैकी सोळा राष्ट्रीय क्रीडा महासंघांत अशी समितीच नव्हती, या वृत्ताची सर्वोच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली. समित्या नेमा, सदस्यांना प्रशिक्षण द्या, हे आपण म्हणत राहतो आणि म्हणायलाच हवं. पण उद्या प्रत्येक समिती चोख चालली तरी भंवरीला तिचा काय उपयोग झाला असता, असं विचारलं तर उत्तर फारसं आश्वासक नाही. म्हणून चळवळीचा पुढचा टप्पा म्हणजे समित्यांचं जाळं खेड्यापर्यंत नेणं, हा मला इतका काळ पटलेला निष्कर्ष आता अपुरा वाटतो. समितीच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा: या स्त्रीला काम कुणी दिलं आहे?

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीचं उदाहरण घ्या. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्या कोयत्यावर मिळते, आणि व्यवहार मुकादम नवऱ्याशी करतो. तिच्या नावावर वेगळी मजुरी नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी तर मध्यस्थ. हंगामाचे महिने ती दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात पालावर असते. फडात तिच्यावर हात टाकला गेला तर तिच्या जिल्ह्याची स्थानिक समिती कागदावर असूनही तिच्यासाठी नसल्यासारखीच. आशा कार्यकर्तीचं दुखणं वेगळं दिसलं तरी मूळ तेच आहे. ती सरकारचं काम करते, पण सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका. कोविडच्या काळात घरोघर सर्वेक्षणाला गेलेल्या आशांना शिवीगाळ आणि मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. लोकांना न आवडणारा प्रश्न विचारायला सरकारने पाठवलं, आणि दारात जे होईल ते तिचं. साथिन आणि आशा यांच्यात दोन दशकांचं अंतर आहे, पण कामाचं श्रेय एकाकडे आणि जोखीम दुसरीकडे ही वाटणी तशीच राहिली.

याच कारणाने आशांचा, अंगणवाडी सेविकांचा, ऊसतोड स्त्रियांचा ओळखपत्रासाठी, वेतनासाठी, कामगार म्हणून नोंदीसाठी चाललेला लढा मला लैंगिक छळविरोधी चळवळीपासून वेगळा काढता येत नाही. ही आर्थिक मागणी आणि ती स्त्रीप्रतिष्ठेची मागणी, अशा दोन मोर्चांत आपण त्यांना उभं करतो. इथाकातल्या सभेत ही फारकत नव्हती, तिथे मुद्दाच बेकारभत्त्याचा होता. भटेरीतही ती नव्हती. एकोणिसाव्या कलमाला अर्थ यायचा असेल तर ज्या स्त्रीला सरकार गावातल्या बलदंडांच्या विरोधात जाणारं काम सांगतं, तिच्या नेमणुकीच्या कागदावर काही गोष्टी आधीच लिहिलेल्या असाव्या लागतील: तिच्यावर हल्ला झाला तर खात्याचा कोणता अधिकारी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाईल, वैद्यकीय तपासणी वेळेत होईल याची जबाबदारी कुणाची, वकिलाचा खर्च कोण करील, आणि गावाने बहिष्कार टाकला तर तिचं घर तोवर कशावर चालेल. 1992 मध्ये यांतल्या एकाही प्रश्नाला राजस्थान सरकारजवळ उत्तर नव्हतं. उत्तर शोधण्याचं काम जयपूरच्या स्त्री संघटनांनी अंगावर घेतलं, आणि खटला लढवण्याचं भंवरीने. आज आशा कार्यकर्तीच्या हातात पडणाऱ्या कागदावरही ही उत्तरं लिहिलेली नाहीत.