दोन पोती तूर

भातकुलीच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला मानवत नाही. येथल्या माणसाचे सारे आभाळावर. खरिपाची तूर घरात आली, की वर्षाचे देणे तिच्यावरच भागवायचे. अशा शेतकऱ्यांनी काढलेल्या एका उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर मी तीन वर्षे होतो. तिचे नाव सांगत नाही. दोषात माझाही वाटा आहे.

अशा कंपनीची तरतूद कायद्यात 2002 साली आली. संचालक निदान पाच, आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी एक; तो मात्र सभासद नसावा. उद्दिष्टे आणि धोरण मंडळाने ठरवायचे, अधिकाऱ्याने त्यात साहाय्य करायचे आणि रोजचा कारभार पाहायचा. कागदावर वाटणी किती स्वच्छ! लहान शेतकऱ्याच्या मालाला रास्त भाव, हा आमचा पहिला उद्देश आम्ही चहा पिता पिता एकमताने संमत केला होता.

एका माघात मी काट्यापाशी उभा होतो. एक म्हातारी दोन पोती तूर घेऊन आली आणि परत फिरवली गेली. दहा क्विंटलांखालचा माल घेणे बंद आहे, असे मापाड्याने सांगितले. तिने मला ओळखले. ‘‘भाऊ, कंपनी आपली हाय म्हन्ता ना? मंग आमचाच माल काहून घेत नाई?’’

मी तावातावाने कार्यालयात गेलो. व्यवस्थापकाने शांतपणे बैठकांचे इतिवृत्त पुढे ठेवले. नफा किती, उलाढाल किती, हे आम्ही प्रत्येक वेळी विचारले होते. लहान शेतकऱ्याचे काय, हे एकदाही नाही. ‘‘थोड्या मालाला हमाली अन् गाडीभाडे परवडत नाही. आपण जे विचारता, ते मी सांभाळतो,’’ तो म्हणाला. इतिवृत्ताखाली माझी सही होती.

कोणी म्हणेल, उद्देश व्यवस्थापकाने बदलला. मला तसे वाटत नाही. कंपनी कशासाठी आहे, हे त्याला आमच्या ठरावावरून नव्हे, आमच्या प्रश्नांवरून कळत होते. पण तो निर्दोषही नाही. ती अट त्याने आमच्यापुढे आणलीच नव्हती. आणि साहाय्य करणे म्हणजे गोड तेवढेच सांगणे नव्हे.

लोणीचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि बरोबर शेतकऱ्यांत वाढलेले विठ्ठलराव विखे पाटील. आम्ही तर सगळेच शेतकरी होतो. खुर्चीत बसलो आणि अडते झालो!

पुढच्या बैठकीत अट काढण्याचा ठराव मी मांडला. तोटा कोणी सोसायचा, असा प्रश्न आला, आणि तो रास्तच होता. रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले. शेवटी सभासदांना वाटायच्या नफ्यातून तो भरून काढावा, असे ठरले. दोघांनी विरोध नोंदवला.

म्हातारीची तूर तोवर व्यापाऱ्याकडे गेली होती.