बेत यंत्राचा, उत्तर आपले



माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात तिला एकटे ठेवणे अशक्य झाले. आम्ही चार भावंडे. तिघांच्या नोकऱ्या, माझे धर्मग्राम. धाकट्या भावाने मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला सारी माहिती दिली आणि विचारले, ‘कुणाच्याही कामात खंड न पडता आईची सोय कशी करावी?’ मिनिटभरात खर्चाचा तक्ता आला, भेटींचे वेळापत्रक आले आणि शेवटी सल्ला आला : वृद्धाश्रम. हिशेब चोख होता. तरी आम्ही सारे गप्प झालो.

ते उत्तर चुकले होते का?

मार्च २०१६ मध्ये सोल येथे ‘अल्फागो’ या संगणक प्रणालीने ‘गो’ या पटावरील खेळात ली सेडॉल या श्रेष्ठ खेळाडूला ४-१ असे हरवले. पुढच्या कितीतरी चालींचा विचार यंत्र करू शकते, हे जगाने पाहिले. पण जिंकायचे, हे ध्येय माणसांनी ठरवून दिले होते. आमचेही तसेच झाले. ‘कामात खंड न पडता’ ही अट आम्हीच घातली होती. यंत्राने ती पाळली. खोट प्रश्नात होती.

आता स्मृतीचे पाहू. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूचा काही भाग काढण्यात आला. त्यानंतर नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. मात्र आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा सराव दिला, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे, हे मात्र त्याला आठवत नसे. माणसाची स्मृती अशी एकाहून अधिक प्रकारची असते. माझी आई माझे नाव विसरते, पण जपमाळेचे मणी ओढताना चुकत नाही.

यंत्राने अफाट मजकुरातून शिकलेले आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्यात आपण सांगितलेल्या गोष्टींची भर पडते. वडिलांना त्यांच्या अखेरच्या आजारात आम्ही शब्द दिला होता, ‘आईला घरातच सांभाळू.’ तो आम्ही यंत्राला सांगितलाच नव्हता. सांगितला असता, तर त्याने तोही हिशेबात धरला असता. पण त्याच्यासाठी ती एक माहिती. आमच्यासाठी ते ऋण.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे घटक सांगताना स्मृतीचा उल्लेख प्रथम केला आणि दूरदृष्टीही त्यात धरली. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ आता कळला. मागचे आठवल्याशिवाय पुढचा बेत नीट आखता येत नाही.

राहिला स्वतःवरचा ताबा. इथे मला मान खाली घालावी लागते. आई एकच प्रश्न दहाव्यांदा विचारते, तेव्हा माझा आवाज चढतो. यंत्राचा चढत नाही. पण त्याला राग गिळावा लागत नाही. ज्याला राग येतो आणि तरीही जो अकराव्यांदा शांतपणे उत्तर देतो, त्याच्याच वागण्याला आपण सहनशीलता म्हणतो.

आम्ही पुन्हा एकत्र बसलो आणि प्रश्न बदलला : ‘आईला घरात ठेवायचे, तर प्रत्येकाने काय सोडायचे?’ आता ती थोरल्या बहिणीकडे आहे. दिवसा एक बाई येते, रविवारी भाऊ आणि सोमवारी मी. वेळापत्रक यंत्रानेच करून दिले आणि ते उत्तम आहे.

यावरून वृद्धाश्रमाचा मार्ग निवडणाऱ्यांना कुणी दोष देऊ नये. काही घरांत तोच प्रेमाचा निर्णय असतो. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजातही, निर्णयाची जबाबदारी माणसाचीच आहे, यावर भर आहे. यंत्राचा सल्ला जरूर घ्यावा. मात्र तो अमलात आणण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारावे : ज्याच्याविषयी हा निर्णय आहे, त्याच्याजवळ बसून, त्याचा हात हाती घेऊन मी तो सांगू शकेन का?

आपला,
धर्मगुरू