रुग्णाच्या उशाशी

रुग्णसेवा हीच देवपूजा, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. पण पूजेत देवाला काय आवडते ते आधी पाहतो ना? विठोबाला तुळस, शंकराला बेल. मग रोग्याचे मन कशाने दुखते हे न विचारता केलेली शुश्रूषा पुरी कशी म्हणावी?

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. रँडसाहेबाच्या कमिटीने घरोघर गोरे सोजीर धाडले. रोगी शोधून वेगळा ठेवणे हा उपाय काही खोटा नव्हे. परंतु सोजीर बुटांनिशी देवघरात शिरले, बायाबापड्यांची लाज राखली नाही. झाले काय? लोक रोगीच लपवू लागले! त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवले. त्यांनाही प्लेगने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आमच्या दिंडीतले एक म्हातारे बुवा मागे दवाखान्यात होते. छाती तपासताना कोणीतरी न विचारताच त्यांच्या गळ्यातली माळ कात्रीने कापली. बुवांनी भिंतीकडे तोंड फिरवले, अन्नाला शिवेनात. आम्ही संतापलो. पण खरे सांगायचे तर आदल्याच दिवशी पाणी देणाऱ्या नर्स मुलीला बुवांनी, "तू कोणाची ग?" म्हणून जात विचारली होती, आणि पेला परत धाडला होता. आम्ही शेजारीच बसलो होतो, गप्प राहिलो. माळ तुटली तेव्हा मात्र आम्हाला तोंड फुटले!

शेजारच्या खाटेवर एक मुसलमान चाचा होते. रमजान चालू, दिवसा गोळी घेईनात. त्या मुलीने वाद घातला नाही, त्यांच्या मुलाला बोलावले. आजाऱ्याने रोजा पुढे धरावा अशी मोकळीक त्यांच्या धर्मातच आहे. मुलाने ती समजावली आणि चाचांनी गोळी घेतली. आपण असतो तर त्यांच्या उशाशी हरिपाठ सुरू केला असता. तोही जुलूमच की! खाटेला खिळलेला माणूस उठून जाईल कुठे?

बुवांच्या माळेचे मणी त्याच मुलीने खाटेखालून वेचले, पट्टीच्या कापडात बांधून त्यांच्या उशाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी बुवांनी तिच्याच हातून पेज मागितली. या खेपेस जात विचारली नाही, नाव विचारले.