बरगडी

मौजे सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. खरेदीखत याच ओळीने सुरू होतं. गावांची नावं आपली. त्यांना धरून ठेवणारे तिन्ही शब्द अरबी, फारसी दफ्तरातून आलेले.

जिल्हा म्हणजे मुळात बरगडी. अरबीत त्रिकोणाच्या बाजूलाही हाच शब्द. बरगडीवरून बाजू, बाजूवरून मुलखाची बाजू. मधली पायरी गाळून वाचावं असं मला नेहमी वाटतं: आपण एका बरगडीत राहतो. आपल्या 'कूस' या शब्दानंही हाच प्रवास केला. निजलेला माणूस बदलतो ती कूस, मूल वाढतं तीही कूस, आणि डोंगराच्या कुशीत गाव.

अरबी शब्दाच्या शेवटी घशातून येणारा 'ऐन' आहे. मराठीच्या घशाला तो पेलला नाही. तिनं 'ल'ला हकार जोडला. परका उच्चार हरवला, त्याच्या जागी श्वास आला.

तालुका हा 'तअल्लुक'चा. लटकणं, जडणं, म्हणून संबंध. 'इलाखा' त्याचाच भाऊबंद. 'तालुक्याला जाऊन येतो,' म्हणत वडील पहाटे घर सोडायचे, तेव्हा ते संबंधाकडेच निघालेले असत. मला हे फार उशिरा कळलं.

शिवकाळात राज्यव्यवहारकोशानं दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. 2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. जिल्हा जिल्हाच राहिला. तो आता कुणाला परका वाटत नाही, मलाही नाही.

राहिला मौजे. ठेवण्याची जागा, ती मौजे. एखाद्यानं ओझं उतरवावं तसं कुणीतरी इथं गाव ठेवलं. त्याच धातूचा दुसरा शब्द आपण शाळेत शिकतो: वजा. बाजूला ठेवलेलं. ठेवणं आणि उणं करणं एकाच मुळातून यावं, याचा अर्थ शब्दकोशापेक्षा आमच्या भागात लवकर कळतो. दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं. मौजे तेच, माणसं वजा.

चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते. कारखान्याचा हंगाम आटोपून माणसं परततात, गुलालात मिसळतात. देवळाजवळची माकडं त्यांच्या हातातलं खोबरं ओढून नेतात. गर्दीत कुणी विचारतं, कुठलं गाव? ती 'सोनारी' म्हणतात. मागंपुढं एकही शब्द लागत नाही.