शंकासमाधान : टबातले कासव आणि भरत राजाचे पाडस

शंका : गेल्या अक्षय्य तृतीयेला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा भाच्याने आहेरात एक छोटे कासव आणून दिले. पाठ काळी आणि तिच्यावर पिवळ्या चांदण्या. मागच्या गॅलरीत टबात पाणी घालून ठेवले आहे. पण ते पाण्यात उतरत नाही, मध्ये ठेवलेल्या विटेवर बसून असते. चपातीचे तुकडे, टोमॅटो, कधी दूधभात घालतो. मुलगा चौथीत आहे, त्याने त्याचे नाव ढब्बू ठेवले आहे. कासव आले आणि ह्यांची रखडलेली बढती मिळाली, म्हणून सासूबाई त्याला लक्ष्मीचे पाऊल मानतात. आता ऑफिसात कोणीतरी सांगितले, की असे कासव पाळणे गुन्हा आहे. गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "साक्षात कूर्मावतार घरात आहे, बाहेर काढाल तर लक्ष्मीही जाईल. काढायचेच असेल तर शांत करा, चांदीचे कासव दान द्या आणि एकादशीला कृष्णेत सोडा." ठेवले तर पाप लागते की सोडले तर?
— एक भगिनी, जि. सांगली

समाधान : ताई, शास्त्राचे नंतर बघू. आधी त्या कासवाचे पाय बघा. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो. तुमच्या कासवाचे पाय जाड, गोल, खवल्यांचे, हत्तीच्या पायांच्या घाटणीचे असणार. पाठीचे तुम्ही केलेले वर्णन वाचून मला शंका उरलेली नाही. हे तारा-कासव. कोरड्या, झुडपी माळरानात राहणारे, गवत-पाला, गळलेली फुले-फळे खाणारे आणि पावसाळा लागला की जोमाने हिंडणारे जमिनीवरचे जनावर. त्याला पोहता येत नाही. विटेवर बसून असते ते जिवाच्या भीतीने. एकादशीला तुम्ही ते कृष्णेच्या धारेत सोडले असते, तर तुमच्या हातून त्याला जलसमाधी मिळाली असती, तीही मंत्रोच्चारासह.

तेव्हा टबातले पाणी आजच्या आज काढा. जागा कोरडी ठेवा, सकाळचे ऊन लागू द्या, एका कोपऱ्यात सावली असू द्या. पिण्यापुरते पाणी उथळ ताटलीत. दूध, भात, चपाती बंद. हिरवा पाला, गवत, जास्वंदीची फुले द्या. ही सोय चार दिवसांची आहे, ते पाळण्याची रीत म्हणून सांगत नाही.

कायद्याचे थोडक्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारा-कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे. पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात बाळगणे, सगळेच गुन्हे. शिक्षा किमान ३ वर्षे, कमाल ७ वर्षे. २०१९ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जिनीव्हाच्या परिषदेत या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. इतका कडकपणा का, तर आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाच्या कोरड्या रानांतून ही कासवे पोत्यांनी उचलली जातात आणि बॅगांमध्ये कोंबून थायलंड-मलेशियापर्यंत जातात. पाय हलू नयेत म्हणून कापडात नाहीतर चिकटपट्टीत गुंडाळलेली असतात. वाटेत मरतात ती मरतात, उरलेली शुभ म्हणून, शोभेची म्हणून विकली जातात. तुमच्या भाच्याने प्रेमाने आणले यात संशय नाही. पण ज्या दुकानदाराने पडद्यामागून काढून दिले, त्याला तो काय विकतो आहे ते पुरते ठाऊक होते.

आता पाप-पुण्याचे. या प्रश्नाला भागवतासारखा दुसरा आधार मला माहीत नाही. पाचव्या स्कंधातली भरत राजाची कथा सप्ताहात तुम्ही ऐकलीच असेल. 'जडभरत' म्हणून जो पुढे प्रसिद्ध झाला, तो हाच. राज्य मुलांना देऊन तो गंडकीच्या काठी पुलहाश्रमात राहू लागला. शाळिग्राम मिळतात ती ही गंडकी. एक गाभण हरिणी पाणी पीत असता सिंहाची डरकाळी ऐकून उडी मारते, पाडस प्रवाहात पडते, हरिणी पलीकडे जाऊन मरते. राजा पाडस उचलून आश्रमात आणतो. इथवर त्याचे काहीच चुकलेले नाही. बुडणाऱ्याला काढू नये, असे भागवत कुठेही म्हणत नाही.

पुढचे कीर्तनकार घाईने उरकतात आणि माझ्या मते तेच खरे वाचण्यासारखे आहे. भरत दर्भ आणायला जातो तेव्हा पाडस बरोबर. कधी ते चालेनासे झाले की त्याला खांद्यावर घेतो. पूजा चालू असता मध्येच उठून ते कुठे आहे ते बघून येतो, त्याला आशीर्वाद देतो आणि पुन्हा आसनावर बसतो. हळूहळू एकेक नेम सुटतो. आणि मनाशी कारण काय देतो? 'हे मला शरण आले आहे, शरणागताला टाकू नये.' पाडस वाढले, त्याला शिंगे फुटली, रान समोर पसरलेले होते, तरी राजाच्या लेखी ते पाडसच राहिले. मरताना त्याच्याच विचारात गेला आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला.

ताई, ही कथा ऐकताना आपण हरणाला दोष देतो, मोहात पाडले म्हणून. हरणाने काय केले? ते चरत होते. गुंतला तो राजा, आणि गुंतण्याला त्याने धर्माचे नाव दिले. तुमच्या घरात ढब्बूला कोणी नदीतून काढलेले नाही. त्याला रानातून उचलून, विकत घेऊन आणले आणि मग 'लक्ष्मी' म्हणून धरून ठेवले. भरताजवळ निदान सुरुवातीची करुणा तरी होती. ठेवण्यात पुण्य आहे हे म्हणणे कसे टिकेल? आणि परत देण्यात पाप तर मला कुठूनही काढता येत नाही.

सासूबाईंच्या मनात काय आहे, तेही कळते. समुद्रमंथनात कूर्माच्या पाठीवर मंदार पर्वत टेकला आणि त्या मंथनातून लक्ष्मी निघाली, म्हणून कासव म्हणजे लक्ष्मी, असे कोणीतरी सोपे गणित मांडले. त्याच मंथनातून आधी हलाहल निघाले होते. ते मात्र गुरुजींनी सांगितले नसेल. आणि बढती सेवाज्येष्ठतेने मिळते. कासव आले नसते तरी तो आदेश निघालाच असता. सासूबाईंना हवे तर देवघरात पितळेचे कासव ठेवू द्या. त्याला ना ऊन लागते ना पाला.

गुरुजींविषयी मात्र थोडे जास्त बोलायचे आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. त्यांच्या उत्तराची रचना बघा. ठेवलेत तर घरातल्या कूर्माची वर्षातून एक पूजा येणारच, सोडलेत तर शांत, दान, दक्षिणा. कौल कुठलाही लागो, पैसा एकाच पिशवीत. जिवंत कासव पाण्यात जायचे आणि चांदीचे कासव गुरुजींकडे! ज्या माणसाला जमिनीवरचे आणि पाण्यातले कासव ओळखता येत नाही, त्याने कूर्मावतारावर अधिकाराने बोलावे, हे मला सहन होत नाही. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेले कासव असते, त्याच्यावर नजर टेकवून आपण आत जातो. ते गोडीने बसवणाऱ्या पाथरवटाने कासव नीट पाहिले होते. पोटार्थी पुरोहिताने पाहिलेले नसते.

आणि गोष्ट शांतीपुरती थांबत नाही. 'वीस नखी कासव' हा शब्द आपल्याकडच्या पोलिसांना चांगला परिचयाचा आहे. वीस नखांचे कासव मिळाले तर पैशांचा पाऊस पाडून देतो, असे सांगणारे भोंदू गावोगाव आहेत. त्यांच्यापायी लोक बिचाऱ्या जनावराला उलटे करून नखे मोजतात. तारा-कासवाला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार, अशी अठराच असतात. मग दोन कमी भरली म्हणून त्याला फेकून देतात किंवा पुढच्याला विकतात. मांडुळाचेही तेच: वजनावर भाव ठरतो, म्हणून त्याच्या पोटात लोखंडाच्या गोळ्या घातल्याची उदाहरणे आहेत. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो असल्याच लोकांसाठी. तुमच्याच जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजण्यावर उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. नागाला हळदकुंकू लावून, दूध पाजून त्याचे काय भले होत होते, हे ओरडणाऱ्यांपैकी कोणी सांगितले नाही.

'सोडण्याचे पुण्य' हाही असाच एक धंदा. तेलंगणात दसऱ्याला नीलकंठ पक्ष्याचे दर्शन शुभ मानतात. त्यासाठी आधी पारधी त्याला पकडतो, पंख बांधतो, पिसे कापतो आणि घरोघर हिंडवून दाखवतो. दर्शन घेणारा धन्य होतो, पाखरू बऱ्याचदा उडायच्या लायकीचे राहत नाही. पिंजऱ्यातल्या चिमण्या-मुनिया विकत घेऊन उडवणारे दानशूर आपल्याकडेही आहेत. त्यांनी पैसे मोजले की पारध्याला उद्या पुन्हा जाळे लावायला कारण मिळते. तुम्ही नदीकाठी गर्दी जमवून, फोटो काढून कासव सोडले असते तर शेजारणीलाही एक विकत आणून सोडावेसे वाटले असते.

मी श्रद्धेच्या विरोधात आहे असे समजू नका. आसामात हाजो इथे हयग्रीव माधवाच्या देवळाच्या तळ्यात काळी मऊ पाठीची कासवे आहेत. २००२ साली ही जात निसर्गातून नामशेष झाली, अशी नोंद झाली होती. ती टिकली देवळांच्या तळ्यांत, कारण त्या कासवांना कोणी मारून खात नाही. आता तिथली अंडी जपून, उबवून, पिल्ले पोबितोरा अभयारण्याच्या परिसरातल्या पाणथळीत सोडतात. कोकणात मंडणगड तालुक्यात वेळास आहे. तिथे पूर्वी समुद्री कासवांची अंडी खाण्या-विकण्यासाठी पळवली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. सोडण्याच्या वेळी तिथे पिल्लाला कोणी उचलून समुद्रात फेकत नाही. वाळूवर ठेवतात आणि ते आपल्या पायांनी लाटेपर्यंत जाते. बघायला आलेल्यांना दोरीपलीकडे उभे करतात. देवाच्या नावाने काही करायचे असेल तर ते असे करावे.

तुमच्या कासवाला मात्र असे कुठल्याही माळावर सोडता येणार नाही. महिनोन्महिने दूधभातावर राहिलेले जनावर, अंगात कुठला रोग आहे ठाऊक नाही, मूळ कुठल्या रानाचे तेही ठाऊक नाही. परक्या जागी सोडले तर ते तिथल्या प्राण्यांना आजार देईल किंवा स्वतः उपाशी मरेल. म्हणून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या. तपासून, बरे करून, कुठे पाठवायचे ते त्यांनी ठरवावे. यजमानांना खटल्याची धास्ती असेल तर आधी ओळखीच्या वकिलाशी बोलून घ्या; स्वतःहून कळवणारा आणि झडतीत सापडणारा यांत फरक असतोच. पण त्या भीतीपोटी रात्री गुपचूप ओढ्याकाठी ठेवून येऊ नका.

मुलाला काय सांगायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. ढब्बू पळून गेला, देवाने नेला, असले काही सांगू नका. ताब्यात देताना त्याला बरोबर न्या. रडेल. रडू द्या. कर्मचाऱ्याला त्याचे सगळे प्रश्न विचारू द्या, आणि रात्री भरत राजाची गोष्ट सांगा. हरणाच्या जन्मातही त्याला मागचे सारे आठवत होते आणि तो कळपात न रमता पुन्हा पुलहाश्रमात आला, हा भाग मुलांना आवडतो.

शंका : आमच्या पडवीच्या पत्र्याखालून खारीचे पिल्लू खाली पडले. उचलून कापडात ठेवले आहे. आई म्हणते, माणसाचा हात लागला, आता ते बाटले, खार त्याला घेणार नाही; आपणच वाढवा. खरे आहे का?
— एक वाचक, देवरुख

समाधान : सोवळेओवळे आपल्या स्वयंपाकघरातले. खारीला ते कोणी शिकवलेले नाही. माणसाचा वास लागला म्हणून ती पिल्लू टाकत नाही. पिल्लू जखमी नसेल तर उथळ खोक्यात कापडावर ठेवून, पडले त्याच जागेजवळ, मुंग्या आणि मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. अंग गार लागले तर आधी ऊब द्या. मग तुम्ही सगळे आत जा. घरातली माणसे भोवती उभी असतील तर खार येणारच नाही. ती येते, तोंडात धरून नेते. बऱ्याचदा दुसऱ्या घरट्यात नेते. दिवस मावळेपर्यंत आली नाही, किंवा रक्त दिसले, तरच वर दिलेल्या क्रमांकावर कळवा. तोवर गाईचे दूध कापसाने पाजू नका. ढाळ लागून पिल्ले मरतात ती त्यानेच.