क्रेट बाकी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. वाशीच्या बाजारात हापूसचा भाव उतरला की रत्नागिरीतला उरलासुरला आंबा किलोच्या भावाने कॅनिंगला जातो. पावसजवळच्या एका वाडीत कारखान्याचा टेम्पो रोज संध्याकाळी येई, भरलेले प्लास्टिकचे क्रेट उचली आणि उद्यासाठी रिकामे ठेवून जाई. क्रेटात साधारण 20 किलो आंबा मावतो.

एका बागायतदाराची तोडणी लवकर आटोपली, पण 12 क्रेट त्याच्याच पडवीत राहिले. दिवस पावसाळ्याच्या बेगमीचे. कशात रातांबे भरले, कशात शेणी, कशात नारळाची सोडणं. कोकणी माणूस वस्तू वाया घालवत नाही, हा मोठाच गुण. पण हे क्रेट त्याचे नव्हते.

हिशेबाच्या पट्टीत ‘क्रेट बाकी’ म्हणून वजावट दिसली तसा तो उसळला. “काका, प्लास्टिकच्या खोक्यांचे एवढे पैसे?”

आंबा गोळा करणाऱ्या काकांनी वही उघडून पुढे केली. शेजारच्या वहिनींच्या नावापुढे लिहिलं होतं : मागितले 15, दिले 3.

“त्या दिवशी त्यांचा आंबा काढून खळ्यात पडला होता. रात्री पाऊस झाला. भिजलेल्या आंब्याला देठाकडून कूज लागली, कारखान्याने अर्धा माल परत पाठवला.”

“मला सांगायचं होतं. दिले असते की मी.”

“त्या आल्या होत्या तुझ्या दारात. तू म्हणालास, रिकामा एकही नाही.”

ते खरंच होतं. रिकामा एकही नव्हता.

भरपाई म्हटलं की आपण वस्तूची किंमत मोजतो. फिरत्या क्रेटची किंमत मात्र तो ज्या खळ्यात पोचला नाही तिथे मोजावी लागते, आणि ती कुठल्याही पट्टीत येत नाही.

“क्रेट आणलेस तर तुझे पैसे परत देतो,” काका म्हणाले. “वहिनींचा आंबा कुठून आणशील?”

तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने बाराही क्रेट घासून, धुऊन टेम्पोत चढवले. वजावटीची सुटलेली रक्कम वहिनींच्या नावावर लिहायला लावली. तेवढ्याने त्यांचं नुकसान भरून येणार नव्हतं, म्हणून उरलेलं देण्याची मुदतही त्याने स्वतःच ठरवून सांगितली.

वहिनींनी पैसे मोजून घेतले.